गेटबाहेरची गल्ली : मुंबईच्या 'एएलएम'मागचा इतिहास

मुंबईत हाउसिंग सोसायटीचं राज्य गेटपाशी संपतं. गेटच्या आत लिफ्ट, पाण्याची टाकी, वॉचमनचा पगार, पार्किंगवरून होणारी भांडणं, सगळं सेक्रेटरीच्या अखत्यारीत. त्यासाठी कायदा आहे, उपविधी आहेत, वर्षातून एकदा आरडाओरड करायला सर्वसाधारण सभा आहे. गेटबाहेर पाऊल टाकलं की पहिलाच पेव्हर ब्लॉक डुगडुगतो. तो कोणी बसवायचा, कधी, कोणत्या पैशातून, हे ठरवण्यात त्या दोनशे मीटरच्या गल्लीत राहणाऱ्या हजारभर माणसांचा हात किती? कायद्याने पाहिलं तर जवळजवळ शून्य. 'एएलएम' (अॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट), म्हणजे रहिवाशांचे प्रगत परिसर व्यवस्थापन गट, याच रिकाम्या जागेत उगवले.

ही जागा आजची नाही. सप्टेंबर 1896मध्ये मांडवी भागात प्लेगचा पहिला रुग्ण डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत निम्मी मुंबई गावाकडे पळाली. सरकारने त्यातून काढलेला धडा असा, की दाट वस्ती फोडून हवा खेळती करायला रुंद रस्ते हवेत. त्यासाठी 1898मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, पुढे महंमद अली रोड हे सगळं त्या ट्रस्टचं काम. रस्ते चांगले झाले, यात वाद नाही. पण ज्यांच्या घरांवरून ते गेले त्यांना कोणी विचारलं नव्हतं. रस्ता ही वरून खाली येणारी गोष्ट आहे, ही समजूत या शहरात तेव्हापासून रुजली. ट्रस्ट 1933मध्ये महापालिकेत विलीन झाला, समजूत मात्र शाबूत राहिली.

त्याच ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेत एक अपवाद घडला. मंचेरजी जोशी हे ट्रस्टमधले अभियंता. मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी त्यांनी 103 भूखंड राखून घेतले आणि नुसत्या इमारतींवर न थांबता रस्त्यांचाही विचार केला. फिरदौसी रोडला महोगनी, जाम-ए-जमशेद रोडला अशोक, अशी रस्त्यागणिक झाडं ठरली. आज दादर पारशी कॉलनीतून उन्हाळ्यात चालताना हायसं वाटतं त्यामागे ही शंभर वर्षांपूर्वीची आखणी आहे, आणि ती सांभाळणारे रहिवासीही. पण तिथे आखणाराच शेजारी होता. बाकी शहराच्या नशिबी हा योग नव्हता.

मुंबईकरांना संघटना करता येत नव्हती असं मुळीच नाही. गिरगावात केशवजी नाईक चाळीत 1893 साली सार्वजनिक गणपती बसला. चाळीच्या मंडळांनी वर्गणी, हिशेब, मांडव आणि मिरवणूक हे सगळं पिढ्यानपिढ्या निभावलं. गावदेवीला 1915मध्ये सारस्वत गृहनिर्माण संस्था नोंदली गेली, देशातल्या सर्वांत जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थांपैकी ती एक. म्हणजे उत्सवासाठी मंडळ होतं, घरासाठी सोसायटी होती. या दोन्हींच्या मधला रस्ता तेवढा राहिला. मांडवासाठी तो खणायची हौस सगळ्यांना, बुजवायचा कोणी यावर मात्र मंडळाची बैठक क्वचितच बसली असेल.

चित्र पालटायला लागलं ते 1990च्या दशकात, आणि कारणं एकदम तीन-चार होती. 1992-93च्या दंगलींनंतर पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सतीश साहनी, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. त्यांचं मुख्य काम शांतता टिकवण्याचं, पण पोलीस ठाण्यात जाऊन बरोबरीने बोलणाऱ्या सामान्य माणसाची सवय त्यांनी शहराला लावली. दुसरं म्हणजे घटनादुरुस्ती. 73वी दुरुस्ती गावांसाठी, 74वी शहरांसाठी, दोन्ही 1993मध्ये अमलात आल्या. गावाला ग्रामसभा मिळाली. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य. शहराला काय मिळालं? 3 लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात प्रभाग समित्या, म्हणजे नगरसेवकांच्या समित्या. मुंबईत बरीच वर्षं 24 प्रशासकीय विभाग होते, आणि 2011च्या जनगणनेतल्या सव्वा कोटी लोकसंख्येला 24ने भागलं तर एका विभागाला पाच लाख माणसं येतात. समित्या तर 24हूनही कमी, कारण काही ठिकाणी दोन विभाग मिळून एकच. हातकणंगल्याजवळच्या पाचशे उंबऱ्यांच्या गावाला गटाराच्या खर्चाचा जाब विचारायची हक्काची सभा आहे आणि घाटकोपरच्या हजार माणसांच्या गल्लीला नाही, असा हा विचित्र हिशेब. माझ्या मते एएलएमची सगळी ताकद आणि सगळा लंगडेपणा या एका हिशेबातून आला आहे.

तिसरं कारण कचरा. देवनारचं डम्पिंग ग्राउंड 1927पासूनचं, ते भरत चाललं होतं. घनकचऱ्याबद्दल पर्यावरण कार्यकर्त्या अल्मित्रा पटेल यांची जनहित याचिका 1996मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. पुढे 2000मध्ये घनकचऱ्याचे देशभरासाठी नियम आले ते त्यातूनच. पण त्याआधीच, 1996च्या सुमारास, घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमधले रहिवासी गल्लीच्या तोंडाशी साचणाऱ्या ढिगाला कंटाळले आणि त्यांनी ओला-सुका कचरा घरातच वेगळा करायला सुरुवात केली. (पारशी कॉलनीतही जोशी, इथेही जोशी, हा निव्वळ योगायोग.) कचराकुंडी हटली, गल्ली झाडलेली दिसायला लागली. शेजारच्या गल्ल्यांमधून लोक बघायला येऊ लागले. महापालिकेने हाच नमुना उचलला आणि 1997पासून शहरभर राबवायला घेतला. विशेष कार्य अधिकारी सीमा रेडकर यांचं नाव या कामाशी जोडलं गेलं. काही वर्षांत गटांची संख्या सातशेच्या आसपास गेली.

सौदा साधा होता. एका गल्लीतल्या किंवा लगतच्या काही इमारतींतल्या रहिवाशांनी गट करायचा, वॉर्ड ऑफिसात नोंद करायची, कचरा वेगळा करायचा, जमेल तर गांडूळखत करायचं. बदल्यात वॉर्ड एक समन्वय अधिकारी नेमणार, नियमित बैठक घेणार आणि गल्लीच्या तक्रारींना आधी हात घालणार. तक्रारी कसल्या? तुंबलेलं गटार, बंद दिवा, उखडलेला पदपथ, खड्डा. कचऱ्याच्या दाराने आत शिरलेले लोक अशा रीतीने थेट रस्त्यावर येऊन पोहोचले.

रस्त्याचा अभ्यास कचऱ्यासारखा नसतो, हे त्यांना तिथे पोहोचल्यावर कळलं. कचरा आपण निर्माण करतो, आपणच कमी करू शकतो. रस्त्याला किमान पाच-सहा धनी. डांबर रस्ते विभागाचं, पाण्याची लाइन जल विभागाची, सांडपाणी वेगळं, पर्जन्य जलवाहिनी वेगळी; शिवाय वीज, गॅस आणि इंटरनेटच्या केबलवाल्या कंपन्या. प्रत्येकाला चर खणायची परवानगी मिळते आणि प्रत्येकाचा मुहूर्त निराळा. एप्रिलमध्ये डांबर, मे महिन्यात चर, जूनमध्ये त्या चराचा ओढा. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा गटारांच्या जाळ्यांखाली काय आहे हा प्रश्न एकदम घरोघरचा झाला. तोवर एएलएमच्या बैठकीला खतावर बोलणारी मंडळी इन्व्हर्ट लेव्हल (गटाराच्या तळाची पातळी) आणि उतार यांवर बोलायला लागली. निवृत्त इंजिनिअर असलेल्या आजोबांना अचानक भाव आला.

हत्यार मिळालं ते माहिती अधिकाराचं. महाराष्ट्राचा कायदा 2002चा, केंद्राचा 2005चा. दहा रुपयांच्या अर्जावर कामाचा कार्यादेश (वर्क ऑर्डर) मागता येऊ लागला: ठेकेदार कोण, खडी किती जाडीची, काम कधी संपलं आणि दोष दायित्व कालावधी किती. हा शेवटचा शब्द गल्लीला शिकवला तो एएलएमने. रस्ता हमीच्या मुदतीत उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने व्हायची असते. हे माहीत नसताना लोक 'साहेब, जरा बघा ना' म्हणायचे. कळल्यावर कार्यादेशाची झेरॉक्स टेबलावर ठेवायला लागले.

आमच्या गल्लीच्या गटाची फाइल सध्या माझ्या कपाटात आहे. बॉक्स फाइल, कडा उसवलेली. आत मॅनहोलच्या झाकणाचे फोटो, शेजारी मोजपट्टी धरलेली, मागे तारीख. पत्रांच्या कार्यालयीन प्रती, प्रत्येकीवर निळा किंवा जांभळा 'आवक' शिक्का. शिक्का नसलेलं पत्र म्हणजे न दिलेलं पत्र, हे गटाच्या पहिल्या अध्यक्षीणबाई प्रत्येक नव्या सदस्याला सांगत. एका प्रतीवर त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवलंय, 'पाटलीण काकूंचा पाय इथेच मुरगळला.' नाव बदललं आहे, पाय खराच मुरगळला होता.

या चळवळीचं कौतुक करताना तिच्याबद्दल खटकणारं सांगायलाच हवं. एएलएम हा प्रामुख्याने इमारतीत राहणाऱ्यांचा गट राहिला. झोपडपट्ट्यांसाठी महापालिकेने दत्तक वस्ती योजना आणली; तिथल्या संस्थांना लोकसंख्येच्या हिशेबाने पैसे देऊन सफाई करून घेतली जायची. म्हणजे बिल्डिंगवाल्याशी चर्चा आणि वस्तीवाल्याला झाडू. फेरीवाल्यांच्या बाबतीत तर गट सरळ एका बाजूला उभे राहिले. सिटीस्पेस ही संघटना 1998मध्ये फेरीवाल्यांविरुद्ध उच्च न्यायालयात गेली, तिला अनेक रहिवासी गटांची सहानुभूती होती. पदपथ चालण्यासाठी मोकळा हवा हे खरंच. पण त्याच पदपथावरची भाजी घेऊन घरी जाणारे आणि संध्याकाळी तक्रार लिहिणारे हात एकच असायचे, हेही खरं. 2014च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के जागा विक्रेत्यांना दिल्या आणि रहिवासी संघटनांनाही स्थान ठेवलं. दोघांना एका टेबलाशी बसवण्याची ती पहिली कायदेशीर सोय.

नगरसेवकांना हे गट डोईजड वाटत. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं: मतं आम्ही मागितली, शिव्या आम्ही खातो, मग न निवडलेली माणसं परस्पर वॉर्ड ऑफिसात का जातात? यावर जुहूच्या रहिवाशांनी 2007मध्ये उत्तर दिलं. आपलाच उमेदवार उभा केला, अॅडॉल्फ डिसोझा, आणि पक्षाच्या पाठबळाशिवाय त्यांना निवडून आणलं. नगरसेवकच गटातला असेल तर काय होतं, ते त्या एका प्रभागात बघायला मिळालं. मात्र 227 जागांच्या सभागृहात एक म्हणजे एकच, आणि तो प्रयोग शहरभर पसरला नाही.

दरम्यान गल्लीला कायद्यात जागा द्यायची संधी आली होती. शहरांच्या सुधारणेसाठीच्या केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेचा निधी हवा तर लोकसहभागाचा कायदा करा, अशी अट होती. महाराष्ट्राने 2009मध्ये तो केला. 'नगरराज' या नावाने तो ओळखला जातो. त्यात क्षेत्रसभा आहे: काही मतदान केंद्रांचा मिळून एक भाग, तिथले सगळे मतदार सदस्य, अध्यक्षस्थानी नगरसेवक. ग्रामसभेची धाकटी बहीणच म्हणा. निधीसाठी कायदा झाला, निधी आला, क्षेत्रसभा कागदावरून उतरल्या नाहीत. त्यामुळे एएलएमचं स्थान होतं तेच राहिलं. प्रशासनाची योजना, आयुक्त बदलला की तिचा उत्साहही बदलतो. विभागात कोणी उत्साही सहायक आयुक्त आले की बैठका भरतात, बदली झाली की रजिस्टर कपाटात जातं. आज नोंदलेल्या गटांपैकी बरेच नावापुरते आहेत.

न्यायालय हा उरलेला मार्ग. न्या. गौतम पटेल यांनी 2013मध्ये खड्ड्यांबाबत मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिलं आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्याचीच जनहित याचिका करून घेतली. सुस्थितीतले रस्ते आणि पदपथ मिळणं हा घटनेच्या 21व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने त्या प्रकरणात म्हटलं. तक्रार नोंदवायची यंत्रणा हवी, असे आदेशही निघाले. हक्क तर मान्य झाला. त्यानंतरचे पावसाळे सगळ्यांनी पाहिलेच आहेत.

मार्च 2022मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत होता. प्रभाग समित्या नाहीत, नगरसेवक नाही. नेमक्या याच काळात शहराच्या इतिहासातलं रस्त्यांचं सगळ्यात मोठं काम निघालं. जानेवारी 2023मध्ये सुमारे 400 किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाचा पहिला टप्पा, खर्च सहा हजार कोटींच्या घरात. एकाच वेळी शेकडो गल्ल्या खणल्या गेल्या. जाब विचारायला निवडून दिलेलं कोणी नसल्यामुळे मरगळलेले कित्येक गट व्हॉट्सअॅपवर पुन्हा जागे झाले. मागण्या आता बारीक होत्या: झाडाच्या बुंध्याला मोकळी माती सोडा, काँक्रीट ओतण्याआधी वाहिन्यांसाठी नळ टाकून ठेवा, काँक्रीट पक्कं व्हायला (क्युअरिंगला) पाणी मारा, रस्त्याची पातळी गेटच्या वर नेऊ नका.

आमच्या गल्लीचं काम झालं तेव्हा गटातल्या दोघांनी रस्ता वाहतुकीला खुला व्हायच्या आदल्या संध्याकाळी एक बादली पाणी आणलं आणि मधोमध हळूच ओतलं. पाणी क्षणभर थांबलं, मग निवांतपणे जाळीकडे पाठ फिरवून आमच्याच गेटकडे निघालं. ठेकेदाराचा सुपरवायझर बघत होता. म्हणाला, "थोडं इकडे-तिकडे होतंच काका, अर्ज द्या." सकाळी अर्ज दिला. सोबत ओल्या रस्त्याचा फोटो, पाण्याच्या वाटेवर खडूने काढलेला बाण. प्रतीवर आवक शिक्का घेतला आणि फाइलला लावला.