पॅरेन्स पॅट्रिई

‘देशाचा पालक’ या अर्थाची लॅटिन संज्ञा. ज्यांना स्वतःचे हित पाहता येत नाही त्यांच्या वतीने निर्णय घेण्याचा राजाचा, पुढे न्यायालयाचा, अधिकार. बालकांच्या ताब्याच्या दाव्यांतही ती येते. प्रस्तुत नोंद निर्णयक्षमता नसलेल्या प्रौढांच्या वैद्यकीय उपचारांपुरती आहे.

या अधिकाराचा जुना लेखी उल्लेख इंग्लंडमधील ‘प्रेरोगातिवा रेजिस’ या दस्तऐवजात मिळतो. जुन्या कायदेसंग्रहांनी तो दुसऱ्या एडवर्डच्या सतराव्या राजवर्षात, म्हणजे सु. १३२४ मध्ये घातला आहे. तथापि हा संसदीय कायदा नसून राजाच्या हक्कांचे टिपण असावे आणि ते पहिल्या एडवर्डच्या काळातील असावे, हे कायद्याचे इतिहासकार मेटलंड यांचे मत अधिक पटण्यासारखे आहे. त्यात जन्मतः बुद्धी नसलेला आणि मागाहून वेड लागलेला असा भेद आहे. पहिल्याच्या जमिनीचे उत्पन्न, त्याच्या उदरनिर्वाहापुरते वगळून, राजाला मिळे. दुसऱ्याची जमीन राखून तो शुद्धीवर आल्यास परत करावी लागे. म्हणजे मूळ चिंता जमिनीची. शरीरावरील उपचारांचा तेथे विचारच नाही. १५४० मध्ये हे काम कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे आले (जमीनदारांच्या इस्टेटींमुळे हे नाव आपल्याकडेही परिचित आहे). ते न्यायालय १६६० मध्ये रद्द झाल्यावर राजाच्या सहीच्या हुकमाने लॉर्ड चॅन्सेलर (राजाचा प्रमुख न्यायाधिकारी) हे काम पाहू लागला.

१९५९ च्या मेंटल हेल्थ ॲक्टनंतर हा हुकूम मागे घेण्यात आला आणि प्रौढांपुरता अधिकार लोपला. त्याची खरी अडचण १९८९ मध्ये, एका मतिमंद स्त्रीच्या नसबंदीच्या प्रकरणात, जाणवली. आपण संमती देऊ शकत नाही, मात्र रुग्णाच्या सर्वोत्तम हिताचा उपचार बेकायदा नाही असे घोषित करू शकतो, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे तेथील सर्वोच्च न्यायालय) ठरवले. १९९३ च्या एअरडेल प्रकरणात कायम अचेत अवस्थेतील रुग्णाचे कृत्रिम पोषण थांबवण्यास मिळालेली मान्यताही घोषणाच होती. २००५ च्या मेंटल कपॅसिटी ॲक्टने (अंमल २००७) इंग्लंड व वेल्सपुरता हा प्रश्न कायद्याने सोडवला.

मात्र कोणाच्या वतीने निर्णय घ्यायचा तर क्षमता कोणाला नाही, हे आधी ठरवावे लागते. इंग्लंडमधील ब्रॉडमूर या मनोरुग्णालयातील स्किझोफ्रेनियाचा एक रुग्ण स्वतःला नामांकित डॉक्टर समजत असे. त्याच्या पायाला गँग्रीन झाले. पाय न कापल्यास वाचण्याची शक्यता शल्यविशारदाच्या मते सुमारे १५ टक्के होती. त्याने नकार दिला. माहिती समजणे व लक्षात ठेवणे, तिच्यावर विश्वास बसणे आणि ती तोलून निवड करणे, या कसोट्यांवर तो उतरतो असे न्यायालयाने मानले. लेखी संमतीवाचून पाय कापण्यास मनाई झाली. २००५ च्या कायद्यात विश्वासाची अट स्वतंत्रपणे उरली नाही.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये, चंडीगढच्या सरकारी निवासगृहातील गर्भवती स्त्रीच्या प्रकरणात, सौम्य मतिमंदता असली तरी तिच्या संमतीवाचून गर्भपात करता येणार नाही, असा निर्णय दिला. २०११ च्या अरुणा शानबाग निकालाने उपचार थांबवण्याची परवानगी उच्च न्यायालयाकडे सोपवली. त्यासाठी आधार पॅरेन्स पॅट्रिईचा घेतला आणि मार्गदर्शन बरेचसे एअरडेलचे. ज्या निकालात हा अधिकार वापरलाच गेला नव्हता, त्याचे. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवरील २०१८ च्या निकालाने, व २०२३ च्या सुधारणेने, हे काम मुख्यतः रुग्णालयांच्या वैद्यकीय मंडळांकडे गेले. मतभेद झाल्यास उच्च न्यायालयाकडे जाता येते.