किती वाजता, कोणत्या दिशेला, किती मुठी वर?

2022 सालच्या गुढीपाडव्याला, म्हणजे 2 एप्रिलला, संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भ-खानदेशाच्या आकाशातून जळते तुकडे एकामागोमाग, जवळजवळ आडवे सरकत गेले. आमचा जुन्या मित्रांचा एक गट आहे. पंधराएक वर्षे मोबाइलवर रोज गप्पा चालतात, मात्र त्यातल्या निम्म्या जणांची प्रत्यक्ष भेट अजून व्हायची आहे. त्या संध्याकाळी श्रीखंड, मुलांच्या परीक्षा आणि न आलेला पाण्याचा टँकर हे विषय चालू असतानाच अकोल्याच्या मित्राने कळवले, "विमान पेटलंय, गावाबाहेरच पडणार." दोनच मिनिटांत नागपूरच्या मित्रानेही विमान पडताना पाहिले. त्याच्या मते ते उमरेडच्या अलीकडेच कोसळले असावे.

दोघेही खरे बोलत होते, आणि दोघांचाही एकाच ठिकाणी घोटाळा झाला होता. अकोला आणि नागपूर यांच्यात सरळ रेषेत सुमारे सव्वादोनशे किलोमीटर अंतर आहे, त्यामुळे एकच विमान दोन्ही गावांच्या वेशीवर पडणे शक्य नव्हते. तोच देखावा जळगावापासून चंद्रपुरापर्यंत दिसला होता. ही दोन शहरे साधारण 400 किलोमीटर दूर आहेत. त्यांच्या बरोबर मध्यावर 10 किलोमीटर उंचीवरून जाणारे विमान दोन्हीकडून क्षितिजाच्या फार तर दोन अंश वर, म्हणजे घरांच्या आणि झाडांच्या आडच राहील. पण तीच वस्तू 80 किलोमीटर उंच असेल, तर ती दोन्हीकडून वीसेक अंशांवर स्वच्छ दिसेल. एवढ्या उंचीवर विमाने उडत नाहीत. तिथे उल्का जळतात, नाही तर अंतराळातून परतणारे भंगार.

हे भंगारच होते. फेब्रुवारी 2021 मध्ये सोडलेल्या लाँग मार्च 3बी या चिनी अग्निबाणाचा तिसरा टप्पा वर्षभर पृथ्वीभोवती फिरत राहिला, विरळ हवेच्या घर्षणाने त्याची कक्षा खाली येत गेली आणि शेवटी तो दाट वातावरणात शिरला, असा निष्कर्ष उपग्रहांच्या नोंदी ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी काढला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी धातूचे सुमारे तीन मीटर व्यासाचे कडे पडले, तर आसपासच्या शिवारात धातूचे पोकळ गोळे सापडले. असे गोळे म्हणजे अग्निबाणातल्या वायूच्या टाक्या असतात. आकाराच्या मानाने त्या हलक्या असल्यामुळे हवेत त्यांचा वेग लवकर मंदावतो. शिवाय पुष्कळदा त्यांत टायटॅनियम असते, जे सुमारे 1,668 अंश सेल्सिअसला वितळते, तर अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांनाच. म्हणून सांगाडा जळून जातो आणि टाकी शेतात येऊन पडते.

मग पाहणाऱ्यांना विमानच का आठवावे? उल्का सेकंदाला 11 ते 72 किलोमीटर वेगाने येते आणि बहुधा एक-दोन सेकंदांत विझते. भंगाराचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास असतो आणि ते फार तिरके शिरत असल्यामुळे मिनिटभरही दिसत राहते. आता ते आपल्यापासून 300 किलोमीटर दूर आहे असे समजा. डोक्यावरून 10 किलोमीटर उंचीने जाणारे विमान सेकंदाला पाव किलोमीटर कापते. म्हणजे भंगाराचा वेग तीसपट आणि अंतरही तीसपट, त्यामुळे डोळ्यांना दोन्ही आकाशात सारख्याच संथपणे सरकताना दिसतात. रात्रीच्या आकाशातल्या एकट्या ठिपक्याचे अंतर डोळ्यांना कळत नाही. दोन डोळ्यांमधली सहा-सात सेंटिमीटरची फट त्यासाठी फारच तोकडी पडते. अंतर चुकले की आकार, वेग, उंची सगळेच चुकते, आणि पाहणाऱ्याला मात्र आपण अंदाज केला आहे याचा पत्ताही नसतो.

ज्या घटनेतून "उडती तबकडी" हा शब्द जगभर पसरला, तिच्यातही हाच धागा आहे. 24 जून 1947 रोजी केनेथ अर्नोल्ड या अमेरिकी वैमानिकाने वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट रेनियरजवळ नऊ चकाकत्या वस्तू पाहिल्या आणि दोन शिखरांमधला प्रवास घड्याळ लावून मोजला. वेळ मोजलेली होती, पण त्या वस्तू त्याच्यापासून किती दूर आहेत, ते अंतर अंदाजाचे होते. ताशी हजारो किलोमीटरचा वेग त्या अंदाजातून आला. बशी पाण्यावरून टप्पे घेत जावी तशी त्या वस्तूंची चाल होती, असे त्याने सांगितले होते. वर्तमानपत्रांनी चालीची उपमा आकारालाच चिकटवून टाकली. छापील मजकुराची ही जुनीच खोड आहे.

प्रशिक्षित डोळेही यातून सुटत नाहीत. 2012-13 मध्ये लडाखच्या सीमेवर आपल्या जवानांनी रात्री दिसणाऱ्या तेजस्वी वस्तूंच्या शेकडो नोंदी केल्या होत्या. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासले, तेव्हा ते गुरू आणि शुक्र निघाले. विरळ, कोरड्या हवेत ग्रह विलक्षण ठळक दिसतात. त्यात अंधारात स्थिर ठिपक्याकडे टक लावून पाहिले की तो हलत असल्याचा भास होतो. पहाऱ्यावरच्या जवानाने नोंद केली हे योग्यच झाले.

"पण सगळेच काही शुक्र नसतात," असे आमचा नागपूरकर दर खेपेला म्हणतो, आणि त्याचे म्हणणे खोडता येत नाही. अमेरिकी हवाई दलाने आकाशात दिसलेल्या अशा वस्तूंच्या 1969 पर्यंत गोळा केलेल्या 12,618 नोंदींपैकी 701 अनोळखीच राहिल्या. मात्र अनोळखी म्हणजे परग्रहावरची नव्हे. नासाच्या स्वतंत्र अभ्यासगटाने सप्टेंबर 2023 मध्ये हेच दुखणे सांगितले, की निरीक्षणे पुष्कळ असली, तरी नीट जुळवलेल्या उपकरणांची मोजमापे फार थोडी आहेत.

आमच्या गटात आता एक रिवाज पडला आहे. नुसता व्हिडिओ चालत नाही, कारण फोकस सुटलेला मोबाइल साध्या ठिपक्याचीही तबकडी करून दाखवतो. वेळ, दिशा आणि हात लांब करून क्षितिजापासून मोजलेल्या मुठी कळवायच्या. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. परवा अकोल्याहून निरोप आला, "7 वाजून 12 मिनिटं, पश्चिम, दीड मूठ वर, हलत नाही." नागपूरहून लगेच उत्तर गेले, "शुक्र आहे गड्या. टँकर आला का?"