लॅपटॉप ड्रायव्हरमधल्या हॉटकी आणि त्यांच्या कोडची साफसफाई

हॉटकी म्हणजे लॅपटॉपवरची ती बटणं जी अक्षर उमटवत नाहीत, काम करतात. ब्राइटनेस कमीजास्त, आवाज बंद, वायफाय चालूबंद, टचपॅड बंद, बरीचशी एफएन दाबून वापरायची. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टममधे यातली बरीच बटणं कर्नलमधले (सिस्टमच्या गाभ्यातले) लॅपटॉप ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारे प्रोग्राम, सांभाळतात, आणि तिथे वर्षानुवर्षं साचलेला कोड कुणाचं चालू बटण बंद न पाडता नीट करणं हे वेगळंच काम आहे.

गोव्यात याची किंमत जूनमधे कळते. फोंड्याला आमच्याकडे पाऊस लागला की लाईट जाते, आणि काळोखात हात पहिला जातो तो ब्राइटनेस कमी करायच्या बटणाकडे, कारण बॅटरी पुरवायची असते. जुना लॅपटॉप फेकून न देता त्यावर लिनक्स टाकून वापरणारे विद्यार्थी इथे आहेत आणि त्यांना नेमकी हीच बटणं छळतात.

आतला प्रवास असा. साधी अक्षरं कीबोर्ड कंट्रोलरकडून थेट येतात. हॉटकी मात्र बऱ्याच मशीनवर एम्बेडेड कंट्रोलरला, म्हणजे बोर्डवरच्या छोट्या मदतनीस चिपला कळते, ती इंटरप्ट (लक्ष वेधणारा इशारा) देते, मग बायोसमधला, म्हणजे मशीनच्या मूळ सॉफ्टवेअरमधला, एसीपीआयचा (हार्डवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टममधल्या ठरलेल्या बोलीचा) कोड चालतो आणि ड्रायव्हरला नोटिफाय, म्हणजे निरोप येतो, काही मशीनवर हेच डब्ल्यूएमआय या दुसऱ्या मार्गाने होतं. ड्रायव्हरच्या हातात येतो फक्त एक आकडा. त्याचा अर्थ लावून इनपुट सबसिस्टमला (कर्नलचा कीबोर्ड-माउस सांभाळणारा भाग) कीकोड, म्हणजे त्या बटणाचा ठरलेला नंबर द्यायचा, म्हणजे म्यूट ११३, ब्राइटनेस कमी २२४, जास्त २२५. पुढे डेस्कटॉपला मशीन कुठलं याच्याशी काही देणंघेणं नसतं.

घाण साचते ती आकडे प्रत्येक मॉडेलला वेगळे असतात म्हणून. एकाने आपल्या मशीनसाठी कोडमधे एक इफ (अट) घातला, दुसऱ्याने स्विचमधे (पर्यायांच्या यादीत) एक केस वाढवली, तिसऱ्याने मॉडेलचं नाव बघून कीकोड बदलला, आणि असं करत करत एकाच फंक्शनमधे आकडा वाचणं, अर्थ लावणं आणि बटण कळवणं सगळं गुंतून बसतं. यावरचा चांगला उपाय म्हणजे स्पार्स कीमॅप, इनपुट सबसिस्टमचे मेंटेनर (तो कोड सांभाळणारे) दिमित्री तोरोखोव यांनी २००९ मधे लिहिलेलं छोटं मॉड्यूल. त्यात एक तक्ता असतो, डावीकडे हार्डवेअरचा आकडा, उजवीकडे कीकोड. नवीन मॉडेल आलं तर नवा तक्ता, लॉजिकला हात लावायचा नाही. तक्त्यात नसलेला आकडा आला तर तो अननोन की म्हणून आकड्यासकट बाहेर येतो, ज्याच्याकडे मशीन आहे त्याला शोधायला मोठी मदत. वर युजरला कर्नल न बदलता बटणाचा अर्थ बदलता येतो हेही आहेच.

फुजित्सु या कंपनीच्या लॅपटॉप ड्रायव्हरची २०१७ मधली साफसफाई वाचण्यासारखी आहे. आधी तिथे पाच बटणांचे कीकोड वेगवेगळ्या व्हेरिएबलमधे होते आणि मॉडेल ओळखून ते बदलले जायचे, नंतर प्रत्येक प्रकारच्या मशीनला स्वतःचा तक्ता मिळाला. पण माझ्या मते खरी मेख बटण सोडण्यात आहे. या मशीनवर दाबलं की त्या बटणाचा आकडा मिळतो, सोडलं की नुसता शून्य, म्हणजे कुठलं सोडलं ते हार्डवेअर सांगतच नाही. म्हणून दाबलेले आकडे रांगेत ठेवायचे आणि शून्य आला की रांगेतली सगळी बटणं सोडली म्हणून कळवायचं. जुना कोड गुंतलेला दिसतो म्हणून उडवायला गेलं आणि ही रांगच गेली तर बटण दाबलेलंच राहतं, जणू बोट उचललंच नाही.

दुसरी अडचण दुहेरी बातमीची. ब्राइटनेसचं बटण एसीपीआय व्हिडिओ ड्रायव्हरलाही (स्क्रीन सांभाळणारा वेगळा ड्रायव्हर) कळतं, तिथे वाढवण्याचा नोटिफाय हेक्स (सोळाच्या पद्धतीतला आकडा) ८६ आणि कमी करण्याचा ८७, आणि कंपनीच्या ड्रायव्हरनेही तेच कळवलं तर एका दाबाला दोन पायऱ्या उडतात. म्हणून कळवण्याआधी विचारून घ्यायचं की व्हिडिओ ड्रायव्हर हे बघतोय का. एक्स विंडो या स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या प्रणालीची मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते, २४७ च्या वरचे कीकोड त्याच्यापर्यंत पोचत नाहीत, माइक म्यूट २४८ असल्याने त्याच्याऐवजी एफ२० बटणाचा कीकोड द्यायची पद्धत पडली.

असा बदल एका मोठ्या पॅचमधे, म्हणजे एकाच गठ्ठ्याच्या दुरुस्तीत, करू नये. आधी फंक्शन फोडायचं, मग तक्ता आणायचा, मग जुनी व्हेरिएबलं काढायची, आणि प्रत्येक पॅचनंतर ड्रायव्हर पूर्वीसारखाच चालला पाहिजे. तपासायला ईव्हीटेस्ट (बटणांच्या घटना दाखवणारा छोटा प्रोग्राम) लावून एकेक बटण दाबायचं, दाबल्याचा १ आणि सोडल्याचा ० दोन्ही दिसले पाहिजेत. मग दोन बटणं एकदम धरून एकच सोडायचं. हे मशीन समोर असल्याशिवाय होत नाही, म्हणून फोंड्यातल्या कुणाकडे ते जुनं मॉडेल अजून चालू असेल तर त्याने केलेली टेस्ट कोड लिहिणाऱ्याला हवीच असते.