लैंगिक अत्याचारानंतर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी मदत आणि पर्याय

भारतात महाविद्यालयात किंवा विद्यापीठात शिकणाऱ्या व्यक्तीवर लैंगिक अत्याचार झाल्यास तिच्यापुढे तीन वाटा असतात : रुग्णालय, संस्थेची अंतर्गत तक्रार समिती आणि पोलीस. एका वाटेसाठी दुसरीची परवानगी लागत नाही. ‘आधी समितीचा निकाल येऊ दे, मग पोलिसांचे बघू’ हा सल्ला कॅम्पसवर सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. समितीची चौकशी ९० दिवस चालू शकते, शरीरावरचा पुरावा मात्र चार दिवसांत नाहीसा होतो.

म्हणून पहिली धाव रुग्णालयात. एचआयव्ही टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत, शक्यतो पहिल्या काही तासांतच सुरू करावी लागतात आणि २८ दिवस एकही दिवस न चुकवता घ्यावी लागतात. गर्भनिरोधक गोळीही ७२ तासांत घ्यावी. उशीर झाला तरी पाचव्या दिवसापर्यंत तिचा काही उपयोग होतो. गर्भ राहिलाच तर बलात्कारपीडितेला २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची कायदेशीर मुभा आहे. शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतात. तोपर्यंत आंघोळ न केलेली, कपडे न धुतलेले बरे. पण आंघोळ झाली असली तरी जावे, जखमांची नोंद आणि उपचार तरीही होतात. त्या वेळचे कपडे, आतले कपडेही, प्रत्येकी वेगळ्या कागदी पिशवीत ठेवावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, बुरशी धरते आणि नमुना वाया जातो. कपडे ओले असतील तर उन्हात न टाकता सावलीत वाळवावेत.

सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाला बलात्कारपीडितेवर तातडीने मोफत उपचार करणे बंधनकारक आहे. ‘आधी एफआयआर आणा’ असे सांगून परत पाठवणे हा गुन्हा आहे. तपासणीच्या प्रत्येक टप्प्याला संमती लागते. एखादा भाग नाकारला म्हणून उपचार थांबत नाहीत. ‘टू फिंगर टेस्ट’, म्हणजे योनीत दोन बोटे घालून केली जाणारी तपासणी, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी बंद केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल असे बजावले. रुग्णालय पोलिसांना कळवते. सज्ञान व्यक्तीला तक्रार करायची नसेल तर तिचा नकार कागदावर नोंदवला जातो. वय १८ च्या आत असेल, आणि बारावीनंतर नुकताच प्रवेश घेतलेल्यांत तसे असू शकते, तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवावेच लागते. तिथे नकाराचा पर्याय नाही.

पोलिसांत जायचे तर हद्दीचा प्रश्न येत नाही. पुण्यात शिकणारी मुलगी आपल्या गावच्या ठाण्यातही ‘झिरो एफआयआर’ नोंदवू शकते; पुढे तो योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. जबाब महिला अधिकारी घेते, घरी किंवा पीडिता सांगेल त्या ठिकाणी. एफआयआरची प्रत फुकट मिळते. बलात्काराच्या तक्रारीला मुदत नाही, पण उशीर झाला असेल तर त्याचे कारण जबाबात यायला हवे. मोबाइलमधले चॅट पुसू नयेत, फोन रीसेट करू नये. नुसते स्क्रीनशॉट न्यायालयात कमी पडू शकतात, मूळ फोन लागतो.

समितीचे काम २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंध कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम यांनुसार चालते. अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला, एक बाहेरची सदस्य आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी, अशी तिची रचना असते. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख समितीवर बसू शकत नाहीत. हे मुद्दाम तपासावे, कारण रचनाच चुकली तर पुढे सगळी चौकशी आव्हानात अडकते. तक्रार लेखी, शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर समितीने मदत करायची असते.

फार कमी विद्यार्थिनींना माहीत असते ती अंतरिम मदत. चौकशी चालू असतानाच आरोपीला कॅम्पसबंदी करता येते, तो शिक्षक असेल तर तिचे पेपर तपासण्यापासून दूर ठेवता येते, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते. ही मदत मागावी लागते, आणि ती तक्रारीच्या अर्जातच मागावी. हजेरीचा विषयही तेव्हाच लेखी काढावा. सत्राच्या अखेरीस तोंडी आश्वासने कुणाला आठवत नाहीत. दोषी विद्यार्थ्याचे नाव संस्थेच्या पटावरून काढण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते.

सज्ञान मुलीला न विचारता रेक्टरने आईवडिलांना फोन करणे, प्राचार्यांनी ‘बदनामी होईल, मिटवून घ्या’ म्हणणे, वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाव फिरणे, यांमुळे मुली तक्रार मागे घेतात. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्या ग्रुपवर कुणीतरी सांगायला हवे.

पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांसाठी आयोगाचे विनियम आणि रुग्णालयातले उपचार खुले आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मात्र बलात्काराची पीडित व्यक्ती स्त्रीच धरली आहे आणि जुन्या भारतीय दंड संहितेतले, पुरुषांवरच्या अत्याचारालाही लागू होणारे ३७७ कलमही उरलेले नाही. ही उणीव गंभीर आहे. अशा विद्यार्थ्याला दुखापत, डांबून ठेवणे अशा इतर कलमांवर विसंबावे लागते.

वकिलाचा खर्च हा अडथळा नाही : महिलांना उत्पन्न न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देते (हेल्पलाइन १५१००). महाराष्ट्रात ‘मनोधैर्य’ योजनेचे अर्थसाहाय्यही याच प्राधिकरणामार्फत मिळते. त्यासाठी मात्र एफआयआर लागतो. ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा, समुपदेशन आणि कायद्याचा सल्ला एका छताखाली मिळतो. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२, मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० पासून ‘दिलासा’ केंद्र आहे. तिथे समुपदेशक रुग्णालयातच भेटते.