बॉम्बच्या नळ्या की रॉकेटच्या?

इराककडे महासंहारक शस्त्रं आहेत असं सांगून अमेरिकेने २००३ मध्ये केलेल्या इराक युद्धाचा विषय निघाला की "शेवटी काहीच सापडलं नाही" म्हणून लोक मोकळे होतात. मला त्यातला सगळ्यात भारी भाग वाटतो तो अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा, कारण तो प्रश्न मुळात इंजिनिअरिंगचा होता आणि त्याचं उत्तर युद्धाच्या आधीच हातात आलं होतं.

झालं असं, इराकने मागवलेल्या नळ्यांचा एक लॉट २००१ मध्ये जॉर्डनमध्ये पकडला गेला. एकदम कडक मिश्रधातू, व्यास ८१ मिलिमीटर, लांबी ९०० मिलिमीटर. अमेरिकेची गुप्तचर संस्था सीआयए म्हणाली ह्या सेंट्रिफ्यूजसाठी आहेत, म्हणजे अणुबॉम्बसाठी.

आता सेंट्रिफ्यूज म्हणजे काय ते बघू. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये बॉम्बच्या कामाचं युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असतं, बाकी जवळपास सगळं २३८, आणि केमिस्ट्रीच्या दृष्टीने दोघं सारखेच, फरक काय तो वजनाचा आणि तोही सव्वा टक्का. म्हणून युरेनियम हेक्साफ्लोराइड हा वायू नळीत भरून ती नळी भयानक वेगाने फिरवायची, जड रेणू भिंतीकडे जरा जास्त जमतात, हलके मधल्या बाजूला राहतात, मग तेच पुढच्या मशीनमध्ये, मग त्याच्या पुढच्या, अशी हजारो मशीनची साखळी लागते. सगळा खेळ वेगाचा, त्यामुळे नळी हलकी, पातळ आणि तरीही दणकट पाहिजे.

ह्या नळ्यांची भिंत ३ मिलिमीटरपेक्षा जाड होती. अ‍ॅल्युमिनियमच्या जुन्या सेंट्रिफ्यूजमध्ये ती साधारण १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असायची. वर अ‍ॅनोडाइझ केलेल्या, म्हणजे गंजू नये म्हणून कोटिंग दिलेलं, जे सेंट्रिफ्यूजमध्ये उलट अडचणच करतं पण उघड्यावर पडून राहणाऱ्या रॉकेटला एकदम उपयोगी. आणि इराककडे ८१ मिलिमीटरचं रॉकेट होतंच की! शिवाय १९९१ च्या आखाती युद्धाआधी इराकी इंजिनिअर मॅरेजिंग स्टील (खास दणकट पोलाद) आणि कार्बन फायबरच्या रोटरपर्यंत, म्हणजे फिरणाऱ्या नळीपर्यंत, पोचले होते, ते परत मागे येऊन जाडजूड अ‍ॅल्युमिनियम कशाला वापरतील?

अमेरिकेच्याच ऊर्जा खात्याचे, ओक रिज लॅबचे तज्ज्ञ हेच सांगत होते. तरी सप्टेंबर २००२ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कॉन्डोलिझा राइस टीव्हीवर म्हणाल्या की ह्या नळ्या खरं तर अण्वस्त्रांच्याच कामाच्या. ५ फेब्रुवारी २००३ ला परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत उभे राहिले, त्यांनी मतभेद आहेत हे मान्य केलं, पण बहुतेक अमेरिकन तज्ज्ञांना ह्या सेंट्रिफ्यूजच्या वाटतात असंही सांगितलं. खरी मेख इथे आहे. वेगळं मत असलेले ते थोडे लोक म्हणजेच देशातले सेंट्रिफ्यूजचे खरे जाणकार, हे कुणी सांगितलंच नाही. शब्दशः खोटं न बोलता दिशाभूल करायची ती अशी. (राइसबाईंचं वाक्य मात्र सरळ सरळ फेकाफेकी होती, माझ्या मते.)

७ मार्चला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या अल-बारादेईंनी त्याच परिषदेत सांगितलं की कागदपत्रं तपासली, जागेवर जाऊन पाहिलं, रॉकेट सोडून दुसऱ्या वापराचा पुरावा नाही. दोन आठवड्यांच्या आत युद्ध सुरू!

अशा बातम्या मागे घेतल्यावरही लोक त्या खऱ्या मानत राहतात का, हे पुढचं काम मानसशास्त्रज्ञांनी केलं. स्टीफन लेवांडोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक अभ्यास छापला, त्यात अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रेलियातल्या लोकांना युद्धाच्या बातम्या दाखवल्या, काही खऱ्या, काही नंतर मागे घेतलेल्या, काही बनवलेल्या. अमेरिकन लोकांना बातमी मागे घेतल्याचं आठवत असूनही ती खरीच वाटत राहिली, बाकी दोन देशांत तसं झालं नाही. फरक कशाने पडला तर युद्धाच्या सरकारी कारणावर मुळात संशय होता की नाही ह्याने, आणि ज्यांना संशय होता त्यांनीच मागे घेतलेली बातमी खरी मानणं सोडलं.