सर्च रिपोर्ट : घरखरेदीतील हक्कतपासणी आणि वकील

विकत घ्यायच्या जमिनीवर किंवा सदनिकेवर विकणाऱ्याचा हक्क पक्का आहे का, हे जुने दस्त आणि महसुली नोंदी तपासून वकील लेखी सांगतो. त्या लेखी मताला महाराष्ट्रात सर्च रिपोर्ट म्हणतात. सरकारी मराठीत तो शोध अहवाल, आणि बोलण्यात नुसते ‘टायटल क्लिअर आहे ना?’. इंग्लंडमध्ये हे काम कन्व्हेयन्सिंग सॉलिसिटर करतो. मुंबईतही उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेमुळे (जिथे दावे थेट दाखल होतात) सॉलिसिटरांचा वेगळा वर्ग होता. वकिलांच्या कायद्यात 1976 साली झालेल्या दुरुस्तीने तो भेद गेला, पण जागेच्या कागदांसाठी ‘सॉलिसिटरकडे जाणे’ हा शब्दप्रयोग मुंबईत अजून टिकून आहे.

भारतात जमिनीच्या मालकीची हमी सरकार देत नाही, आणि इथेच पुष्कळांची समजूत चुकते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 54 प्रमाणे 100 रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. दुय्यम निबंधक मात्र मुद्रांक शुल्क, पक्षकारांची ओळख आणि त्यांची कबुली पाहतो; मालकी तपासणे त्याचे काम नाही. तामिळनाडूचा एक नियम रद्द ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये हेच पुन्हा सांगितले. ज्याला हक्कच नव्हता त्याने रीतसर खरेदीखत करून दिले, तर घेणाऱ्याच्या हाती नुसता कागद उरतो. शिवाय नोंदलेल्या दस्ताची माहिती खरेदीदाराला होती असे कायदा धरून चालतो. ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब चालत नाही.

सर्च साधारणपणे मागील 30 वर्षांचा घेतात. गहाण मालमत्ता सोडवून घेण्याच्या दाव्याला मुदतीच्या कायद्याने (1963) 30 वर्षे दिली आहेत, आणि 30 वर्षांहून जुना, योग्य ताब्यातून पुढे आलेला दस्त न्यायालय खरा मानू शकते. प्रथा यातूनच पडली. जमीन कुळाची, इनामाची किंवा वतनाची असेल तर चांगला वकील 30 वर्षांवर थांबत नाही. कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 रोजी कुळे मालक झाली. अशा जमिनीच्या विक्रीवर त्याच कायद्याच्या कलम 43 ची बंधने असतात, म्हणून फेरफार, म्हणजे महसुली दप्तरातल्या नावबदलाच्या नोंदी, तिथपर्यंत मागे जाऊन वाचाव्या लागतात.

प्रत्यक्ष शोध सूची क्रमांक 2 मध्ये, म्हणजे सगळ्यांच्या तोंडच्या ‘इंडेक्स टू’मध्ये होतो. दस्ताचा प्रकार, मोबदला, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, लिहून देणार, लिहून घेणार, नोंदणीची तारीख: एका दस्ताची सगळी कुंडली त्या एका पानावर असते. नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 57 प्रमाणे फी भरून कोणालाही ती पाहता येते. अलीकडची वर्षे नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दिसतात. त्याआधीची हस्तलिखित पुस्तके कार्यालयातच चाळावी लागतात. त्यातली पाने फाटलेली असतात, काही पुस्तके बांधणीला गेलेली असतात, अक्षर लागत नाही. अहवालाला जोडलेल्या तक्त्यात वर्षापुढे वर्ष लिहून ‘नोंद नाही’, ‘पान फाटलेले’, ‘इंडेक्स तयार नाही’ असे शेरे येतात. खरेदीदार शेवटच्या पानावरचे ‘क्लिअर अँड मार्केटेबल’ हे शब्द वाचून अहवाल मिटतो. वाचायचा असतो तो हा तक्ता. ‘नोंद नाही’ आणि ‘पान फाटलेले’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दुसऱ्या शेऱ्याच्या वर्षी काय झाले ते कोणालाच माहीत नसते.

जमिनीचा कागद वाचणे ही वेगळी विद्या आहे. सातबाऱ्यावर कंस केलेली, म्हणजे कमी झालेली नावे, हस्तलिखित उताऱ्यांवर वर्तुळातले फेरफार क्रमांक, ‘इतर हक्क’ या रकान्यातला पतपुरवठा सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, भोगवटादार वर्ग 2 (विकण्यावर सरकारी बंधने असलेली जमीन) ही दोन शब्दांची नोंद. समजा, वडील वारले आणि वारस फेरफाराने दोन भावांची नावे लागली. लग्न झालेल्या बहिणी उताऱ्यावर आल्याच नाहीत किंवा ‘इतर हक्कात’ राहिल्या. भावांनी जमीन बिल्डरला दिली, इमारत उभी राहिली. फेरफार हा महसुलासाठी असतो, त्याने कोणाची मालकी जात नाही. मुलगी 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून वडिलांची पहिल्या वर्गातली वारस आहे, 9 सप्टेंबर 2005 पासून सहदायादही (वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानेच हिस्सेदार) आहे, आणि त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत ही अट सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात 2020 साली काढून टाकली. म्हणून जाणता वकील आधी विचारतो, ‘बहिणी किती? हक्कसोडपत्र कुठे आहे, आणि ते नोंदणीकृत आहे का?’ अज्ञान वारसाच्या वतीने पालकाने न्यायालयाच्या परवानगीविना केलेली विक्री आणि कुलमुखत्यारपत्रावर झालेला व्यवहार याही अशाच अडखळण्याच्या जागा. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लँप प्रकरणात 2011 मध्ये स्पष्ट केले.

वकील निवडताना पहिला प्रश्न फीचा नाही, वकील कोणाचा हा आहे. ‘बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे टायटल क्लिअर’ हे वाक्य दर दुसऱ्या घरात ऐकू येते, आणि ते धोक्याचे आहे. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाची फी बहुधा कर्जदाराच्या खिशातून जाते, पण त्याचा अशील बँक असते आणि मतही बँकेसाठीच असते. बँकेला आपले कर्ज वसूल होण्याशी काम. मजकुरातल्या त्रुटी खरेदीदाराला समजावून सांगण्याचे बंधन त्या वकिलावर नसते. पॅनेलवरच्या वकिलाचे मत चुकले एवढ्यावरून त्याला फौजदारी कटात ओढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये म्हटले आहे. बिल्डरने महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांच्या राज्य नियामकाच्या, संकेतस्थळावर टाकलेला अहवालही बिल्डरच्याच वकिलाचा. तो जरूर वाचावा, पण दुसऱ्या डोळ्यांनी तपासून घ्यावा. घराच्या किमतीपुढे स्वतःच्या वकिलाची फी किरकोळ असते. ती वाचवण्यात शहाणपण नाही.

वकील त्या तालुक्यातला किंवा तिथे नेहमी काम करणारा असावा. पुण्याजवळच्या हवेली तालुक्याचे कागद आणि मुंबईतल्या अंधेरीचे कागद एका जातीचे नाहीत. सर्च कोण घेणार, किती वर्षांचा, फीमध्ये जाहीर नोटीस आणि साठेखताचा मसुदा धरला आहे का, हे सुरुवातीलाच लिहून घ्यावे. एजंटने सुचवलेला वकील वाईटच असतो असे नाही, पण व्यवहार मोडला तर एजंटचे कमिशन बुडते, हे ध्यानात असू द्यावे. ‘हे घर घेऊ नका’ असे याआधी कधी कोणाला सांगितले आहे का, असे वकिलाला सरळ विचारावे.

वकिलाकडे जायचे ते टोकन देण्यापूर्वी. आपल्याकडे विसार आधी जातो आणि कागद मागून येतात. मग दोष सापडला तरी पैसे अडकल्यामुळे माणूस मान हलवतो. द्यावेच लागले तर ‘टायटल समाधानकारक न आढळल्यास रक्कम परत’ हे वाक्य पावतीवर असावे. त्यानंतर वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो आणि बहुधा 14 दिवसांत हरकती मागवतो. ही नोटीस कायद्याने सक्तीची नाही आणि ती दिल्याने वारसाचा हक्कही बुडत नाही, पण गप्प बसलेला हक्कदार पुष्कळदा तिच्यामुळेच पुढे येतो. मूळ दस्त हातात घेऊन पाहणे हेही याच टप्प्यावर व्हावे. झेरॉक्स दाखवणाऱ्याचे मूळ कागद कदाचित बँकेत गहाण पडलेले असतात. ते सेरसाई या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत आणि ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’च्या (गहाणाची नोंदणी कार्यालयाला दिलेली सूचना) नोंदीत तपासता येते.

नव्या प्रकल्पात नोंदणीकृत कराराआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि हक्कातल्या दोषाची भरपाई मागायला रेरा कायद्याच्या कलम 18 ने मुदतीची आडकाठी ठेवलेली नाही. जुन्या इमारतीत मागील सर्व करारांची साखळी, शेअर सर्टिफिकेट आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहतात. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, हा प्रश्न मात्र राहून जातो. 1963 च्या मोफा (महाराष्ट्राच्या सदनिका मालकी) कायद्याने बिल्डरवर टाकलेले हे काम हजारो सोसायट्यांत झालेच नाही, म्हणून 2008 मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरने टाळले तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याची, सोय करावी लागली. पुनर्विकास जवळ आलेल्या इमारतीत फ्लॅट घेणाऱ्याने यावर वकिलाचे उत्तर लेखी घ्यावे.

गोव्यात घर घेणाऱ्या महाराष्ट्रीयाने महाराष्ट्राचा अनुभव बाजूला ठेवावा. तिथल्या जुन्या नोंदी पोर्तुगीजमध्ये आहेत आणि लग्नाने पती-पत्नीची मालमत्ता सामान्यतः समाईक होते. त्यामुळे खरेदीखतावर दोघांची सही लागते, घर एकाच्या वडिलोपार्जित हिश्श्याचे असले तरी. पूर्वजाच्या मागे इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याची न्यायालयीन, कारवाई झाली होती का, हे तिथला वकील प्रथम पाहतो. बनावट दस्तांनी जमिनी लाटल्याच्या तक्रारींवर गोवा सरकारने 2022 मध्ये विशेष तपास पथक नेमले. परदेशी गेलेल्या वारसांच्या, वर्षानुवर्षे बंद पडलेल्या घरांबाबत तिथे आता जास्तच काळजीने सर्च घेतात.