कार्डावरची दुसरी रेघ

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्राबाहेरच्या बाकावर पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला शिकणारी एक मुलगी आजीला घेऊन बसली होती. आई-वडील दोघंही गेलेले. आशाताईनं चार खेपा घालून आजीला इथवर आणलं होतं. समोर मुलीच्या एचआयव्ही चाचणीचा कन्नड फॉर्म, त्यावर शब्द 'ओप्पिगे', म्हणजे संमती. आजी काही अंगठा लावेना. "पोरगी धडधाकट हाय की. रक्त कशाला बघायचं?"

आजीचं चुकतं कुठं? आईकडून बाळाला आलेला एचआयव्ही वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो. आई-बाळाला औषध मिळालं नाही, तर लागण व्हायची शक्यता 15 ते 45 टक्के. लागण झालेल्या बाळांपैकी जवळपास निम्मी, उपचार नसले तर, दोन वर्षांच्या आतच दगावतात. उरलेल्यांपैकी काही मात्र दहावी-बारावीपर्यंत पोचतात, कबड्डीही खेळतात. आत रोगाशी लढणाऱ्या पेशी घटत असतात, ते बाहेरून दिसत नाही.

चाचणी तशी साधी. बोटाला टोचून रक्ताचा थेंब कार्डावर सोडायचा. कार्डातल्या पट्टीवर विषाणूच्या प्रथिनांची एक रेघ आधीच बसवलेली असते. रक्तात त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं असली तर ती तिथं अडकतात आणि रेघ उमटते. शेजारची रेघ नियंत्रणाची, ती कार्ड धड असलं की उमटतेच. अर्ध्या तासाच्या आत निकाल. गोम एवढीच, की कार्ड विषाणू बघत नाही, शरीरानं त्याला दिलेलं उत्तर बघतं. लागण ताजी असेल तर ते उत्तर तयार व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतात.

आता खरी मेख. समजा, 10,000 मुलं तपासली आणि त्यांतल्या 10 जणांना खरोखर लागण आहे. कार्ड 99.5 टक्के वेळा निरोग्याला निरोगीच म्हणतं, असं धरू. तरी उरलेल्या 9,990 मुलांत साधारण 50 जणांची रेघ फुकटच उमटेल. म्हणजे रेघ उमटलेल्या साठांपैकी खरे दहाच! ज्या गटात आजार विरळ, तिथं चांगलं कार्डही असं फसवतं. म्हणून आपल्याकडे तीन वेगवेगळ्या किटवर तपासल्याशिवाय निदान पक्कं करत नाहीत. एका किटची चूक दुसऱ्यानं पकडावी, हा हिशेब.

पण गावाजवळच्या केंद्रात बहुधा पहिलंच कार्ड असतं. रेघ उमटली की पुढची खात्री तालुक्याला नाहीतर बेळगावला. म्हणजे शाळा बुडणार, आजीची मजुरी बुडणार, आणि बसमध्ये कंडक्टर विचारणार, "कुठं निघालीस गं?" माझ्या मते पोरं गळतात ती या टप्प्यावर. अंतरापेक्षा ओळखीचे चेहरे जड जातात.

दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी दवाखाने आहेत. इकडे त्यांना 'स्नेहा' म्हणतात, पलीकडे चंदगडला 'मैत्री'. नावं गोड आहेत, पण दार त्याच सरकारी दवाखान्यात, जिथं केसपेपरच्या रांगेत निम्मं गाव उभं असतं.

राहिला कायदा. 2017 चा एचआयव्ही कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी नाही, निकाल फोडायचा नाही, चांगलाच आहे. अठराच्या आत मात्र सही पालकाची. गंमत म्हणजे, एचआयव्हीनं ग्रासलेल्या घराचा कारभार बघणारं बारा वर्षांवरचं समजूतदार मूल धाकट्या भावंडाचं पालक होऊ शकतं, त्याच्या उपचारासाठीसुद्धा, असं याच कायद्यात आहे. स्वतःच्या बोटासाठी मात्र आजीचा अंगठा लागतो. दक्षिण आफ्रिकेत बाराव्या वर्षापासून मूल स्वतः संमती देऊ शकतं.

समुपदेशक ताई मोडक्या मराठीत समजावत होत्या. मुलीनं मध्येच विचारलं, "पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं ना?" चाचणी म्हणजे शाळेतली घटक चाचणी एवढंच ऐकलेल्या पोरीला दुसरं काय वाटणार? ताई हसल्या नाहीत. पॉझिटिव्ह म्हणजे काय, मग रोजची गोळी, ती नेमानं घेतली की रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली जातो आणि पुढं लग्न, मूलबाळ सगळं होतं, हे त्यांनी निवांत सांगितलं. 2004 पासून हे औषध सरकारी केंद्रांत फुकट मिळतं, हेही. आजी कान देऊन ऐकत होती. मग तिनंच शाईचा डबा पुढं ओढला.

निकाल मी विचारला नाही. चारच्या बसला दोघी चढल्या. आशाताई थांब्यावरच राहिली, पुढच्या बसची वाट बघत. तिच्याबरोबर दिसलं की गावात लोक तर्क लढवतात.